ताणलेली प्रत्यंचा किती वेळ धरवते?

एका तरुण लेखकाने मध्यंतरी आपल्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मला वाचायला दिले. कथेला ओघ होता, माणसे ओळखीची वाटत होती, आणि नवव्या प्रकरणापर्यंत मी हातातली पेन्सिल जवळजवळ विसरलो होतो. त्या प्रकरणात नायक कड्याच्या टोकावर उभा राहून धनुष्य ताणतो, बाणाचे टोक शत्रूच्या छातीवर रोखतो आणि मग दोघांचे बोलणे सुरू होते. वडिलांच्या मृत्यूचा उलगडा, जुना विश्वासघात, हरवलेला भाऊ असे सगळे त्या बोलण्यात येऊन जाते. हा संवाद अडीच पानांचा आहे. मोठ्याने वाचला तर सहा-सात मिनिटे सहज जातात आणि तेवढा सगळा वेळ धनुष्य ताणलेलेच असते, बाण रोखलेलाच असतो, नायकाचा आवाजसुद्धा जड होत नाही. मी समासात एवढेच लिहिले, "याचा हात कापत नाही का?"

लेखकाचे उत्तर प्रामाणिक होते. वाचकाला धनुर्विद्या येत नाही, आणि येत असली तरी तो त्या क्षणी कथेत इतका गुंतलेला असतो की त्याला फरक पडत नाही, असे त्याने कळवले. हे मत त्या एकट्याचे नाही. चांगले लिहिणारी कितीतरी माणसे तसे मानतात आणि कथा ही कथा आहे, शस्त्रविद्येचा ग्रंथ नाही, असे त्यावर सांगतात. मला हे मत चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे वाटते हे नीट मांडावे म्हणून हा लेख लिहितो आहे.

समासातला प्रश्न मी पुस्तके चाळून विचारला नव्हता. काही वर्षांपूर्वी मी तिरंदाजीच्या सरावाला काही आठवडे जात होतो. नवशिक्यांना देतात तसे २० पाउंडांचे, म्हणजे दोरी पूर्ण ओढताना साधारण ९ किलोंचा ताण येणारे धनुष्य माझ्याकडे होते. पहिल्याच तासात तीन बोटांच्या पेरांवर दोरीचे वळ उठले. कितव्या तरी बाणाला सुटलेली दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, सपकन बसली आणि तिथला काळानिळा डाग आठवडाभर गेला नाही. एकदा प्रशिक्षकांनी दोरी हनुवटीपर्यंत ओढून तशीच धरून ठेवायला सांगितले. पाच-सहा सेकंदांत बाणाचे टोक लहान वर्तुळे काढू लागले. पंधराव्या सेकंदाच्या सुमारास पाठीत, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, स्नायू थरथरू लागले, श्वास अडकला, आणि मग लक्ष्याकडे बघण्याचे भानच राहिले नाही. दोरी हातातून निसटू नये, एवढ्या एकाच गोष्टीवर सगळे अवसान एकवटले होते.

हे ९ किलोंचे झाले. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर नेम धरणारे पुरुष तिरंदाज साधारण २० ते २३ किलो ताणाचे धनुष्य वापरतात, रोज शेकडो बाण सोडतात, आणि तरीही पूर्ण ओढलेली दोरी काही सेकंदांपलीकडे धरून ठेवत नाहीत. ठरलेला क्षण हुकला तर दोरी हळूहळू परत आणून पुन्हा सुरुवात करतात. युद्धातली धनुष्ये तर याहून कितीतरी जड होती. इंग्लंडची मेरी रोझ ही युद्धनौका १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली समुद्रतळावरून वर काढण्यात आली. तिच्यासोबत दीडशेहून अधिक लाकडी धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. त्या धनुष्यांचा ताण साधारण ४५ किलोंपासून ८० किलोंपर्यंत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नौकेत सापडलेल्या सांगाड्यांपैकी अनेकांच्या खांद्यातला हाडाचा एक तुकडा, जो विशी-पंचविशीपर्यंत मुख्य हाडाशी सांधला जातो, तो सांधलेलाच नव्हता. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असे झाले असावे, असे मानले जाते. म्हणजे धनुष्य त्या माणसांच्या नुसते हातात नव्हते. ते त्यांच्या हाडांत उतरले होते.

अशी धनुष्ये ओढून धरून ठेवण्यासाठी नव्हतीच. ओढणे आणि सोडणे ही तिथे जवळजवळ एकच हालचाल असते, आणि पाठीचा सगळा जोर त्या एका हालचालीत लागतो. म्हणून रांगेतल्या तिरंदाजांना धनुष्ये ताणायला लावून सेनापती "थांबा, थांबा" म्हणत हात वर धरून उभा राहतो, तो प्रसंग वाचताना मला सैनिकांची काळजी वाटते. ज्याला तसा प्रसंग हवाच असेल, त्याने नायकाच्या हाती कंपाउंड धनुष्य द्यावे. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या या धनुष्यात टोकांना चाके असतात आणि दोरी पूर्ण ओढली की हातावरचा ताण एकदम बराच उतरतो, त्यामुळे ते काही काळ धरून ठेवता येते. मात्र मग कथा आजच्या काळातली हवी.

आता मुख्य मुद्दा. शस्त्राचे वर्णन खरे असावे असे मी म्हणतो, तेव्हा लेखकाने बाणाच्या प्रत्येक भागाचे नाव सांगावे, अशी माझी अपेक्षा नाही. शस्त्र हे माणसाच्या शरीराशी जोडलेले असते. ते चालवायला बळ लागते, वेळ लागतो, वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि ते ज्याला लागते त्याच्या शरीराचे काहीतरी कायमचे होते. लेखकाने या चार गोष्टींचा हिशेब ठेवला, तर नावे चुकली तरी मी त्याला माफ करीन. तो हिशेब सुटला की शस्त्र म्हणजे नुसती इच्छा उरते. मनात आले आणि समोरचा पडला. ज्या कथेत मारणे इतके स्वस्त असते, तिथे धैर्यही स्वस्त होते, कारण धैर्य दाखवायला काही खर्चच करावा लागत नाही.

त्या तरुण लेखकाला मी हेच सांगितले आणि प्रसंग पुन्हा लिहायचा आग्रह केला. नव्या मसुद्यात नायकाला संवादाच्या चौथ्या वाक्यालाच धनुष्य खाली करावे लागते. शत्रूच्या ते लक्षात येते. बाण दोरीला लावलेलाच आहे, पण आता पुन्हा ओढायला एक क्षण लागणार आहे, आणि तेवढ्या क्षणात आपण किती पावले पुढे येऊ शकतो हे शत्रू बोलता बोलता मोजू लागतो. वडिलांच्या मृत्यूचा उलगडा तोच राहिला, शब्दही बरेचसे तेच राहिले. पण आता प्रत्येक वाक्य म्हणजे एक पाऊल झाले. मूळच्या अडीच पानांत जो ताण शब्दांनी आणायचा प्रयत्न होता, तो एका थकलेल्या दंडाने आणला. खरेपणामुळे कथेचा वेग मरतो, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचायला हवीत.

या बाबतीत जुने कथाकार आपल्यापेक्षा जाणते होते, असे मला वाटते. त्यांनी अतिशयोक्ती भरपूर केली, बाणांनी आकाश झाकून टाकले, एका बाणातून हजार बाण काढले. पण शस्त्र मुळात कसे चालते, हे त्यांना ठाऊक होते. सीतेच्या आणि द्रौपदीच्या स्वयंवरांत पहिली कसोटी प्रत्यंचा चढवण्याची आहे, नेमाची नाही. वाल्मीकींचा राम आधी धनुष्याला दोरी चढवतो, मग ती ओढतो आणि त्या ओढीत धनुष्य मध्यभागी मोडते. ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यामध्ये हाच प्रसंग आणखी जवळून दाखवला आहे. राणीशी लग्न करायला टपलेले तरुण राजवाड्यातले जुने धनुष्य विस्तवाजवळ धरून शेकतात, त्याला चरबी चोळतात, तरी कोणालाच दोरी चढवता येत नाही. मग वीस वर्षांनी घरी परतलेला राणीचा नवरा ओडिसियस, भिकाऱ्याच्या वेषात, ते हातात घेतो आणि लगेच बळ दाखवायला लागत नाही. तो ते सगळीकडून फिरवून पाहतो. इतक्या वर्षांत धनुष्याच्या शिंगाला कीड तर लागली नाही ना, हे तपासतो. ही एक कृती वाचली की ते धनुष्य त्याचेच आहे, हे वाचकाला कळते. कथाकाराला वेगळे सांगावे लागत नाही.

आजच्या कितीतरी कथांत धनुष्य भिंतीवर टांगलेले असते ते दोरी चढवूनच. लाकडी धनुष्य असे महिनोन्महिने ताणात ठेवले तर त्याची लवचिकता जाते, म्हणून काम झाले की दोरी उतरवून ठेवत. यातून कथेला किती मिळते ते पाहा. रात्री अचानक हल्ला झाला तर नायकाला आधी दोरी शोधावी लागेल, अंधारात धनुष्य वाकवून ती चढवावी लागेल, आणि हात घामेजलेले असतील. बाण कोणताही उचलून चालत नाही, हेही असेच कामाचे आहे. सुटताना बाण धनुष्याला वळसा घालत सापासारखा वाकतो आणि मग सरळ होतो. वेगवान कॅमेऱ्याने हे स्पष्ट दिसते. त्याचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळला नाही तर तो एका बाजूला जातो. म्हणून रणांगणावर पडलेला परका बाण उचलून जो नायक दोनशे पावलांवरचा डोळा फोडतो, त्याच्याबद्दल आदर वाटण्याऐवजी माझे मन कथेतून बाहेर येते.

आपल्या शब्दांतही हे ज्ञान साठलेले आहे. 'आकर्ण' म्हणजे कानापर्यंत. दोरी कुठवर ओढायची याचे मापच त्या शब्दात आहे. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांनी 'गोधा' आणि 'अंगुलित्राण' बांधल्याचे वर्णन येते. गोधा म्हणजे सुटलेल्या दोरीचा फटका डाव्या हाताला बसू नये म्हणून बांधायचे चामडे, आणि अंगुलित्राण बोटांसाठी. माझ्या हातावरचा तो काळानिळा डाग आठवला की या दोन शब्दांविषयी मला फार जवळीक वाटते. ज्याने हे लिहिले, त्याने धनुष्य चालवणाऱ्याचा हात नक्की जवळून पाहिला असणार.

अंतर आणि वेळ यांचा हिशेब तर शाळेतल्या गणितानेही करता येतो. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला ५० ते ६० मीटर जातो. ५० धरला, तर १०० मीटरवर पोहोचायला त्याला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो जवळजवळ २० मीटर खाली ओढला जातो. म्हणजे नेम लक्ष्यावर न धरता त्याच्या बराच वर धरावा लागतो. समोरचा माणूस पळत असेल तर दोन सेकंदांत तो दहा मीटर पुढे गेलेला असतो. आणि बाणाच्या किती तरी आधी दोरीचा आवाज पोहोचतो, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सावध हरिण या आवाजानेच दचकून खाली दबते आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो, हे शिकाऱ्यांना चांगले माहीत असते. 'निःशब्द मृत्यू' असे बाणाचे वर्णन वारंवार येते; ते फारसे खरे नाही. रायफलचे नेमके उलटे आहे. तिची गोळी आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते, त्यामुळे ती लागते त्या क्षणापर्यंत समोरच्याला तो बार ऐकूच आलेला नसतो. लेखकाने हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी दोन अगदी वेगळे मृत्यू लिहिता येतील.

भात्याचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये बाणांची जुडी २४ ची असे. मिनिटाला सहा बाण, म्हणजे घाई न करता सोडले, तरी ती चार मिनिटांत संपते. दिवसभराच्या लढाईत ज्याचा भाता रिकामा होत नाही, त्याला बाण कोणी आणून दिले, हा प्रश्न लेखकाला पडला पाहिजे. तो पडला की बाण वाहून आणणारी मुले, रित्या गाड्या, शत्रूच्या अंगातून बाण उपटून घेणारे हात असे सगळे कथेत यायला लागते, आणि लढाई चार वीरांची न राहता अनेकांची होते.

एक गोष्ट मात्र मला केवळ चुकीची नाही, तर अन्यायाची वाटते. साहसकथांमध्ये दणकट पुरुषाला तलवार आणि नाजूक मुलीला धनुष्य देण्याची प्रथा पडली आहे. जणू धनुष्य हे दुर्बलांचे शस्त्र. मध्ययुगातली एका हाताची तलवार साधारण एक ते सव्वा किलोची असे. ४५ किलो ताणाचे धनुष्य ओढायला लागणारे बळ तिच्या तुलनेत कितीतरी जास्त आहे. धनुष्य चालवणाऱ्या मुलीची पाठ, दंड, खांदे, बोटांवरचे घट्टे लिहिण्याऐवजी तिची सडपातळ कंबर लिहिणारा लेखक तिच्या कष्टाची वर्षे पुसून टाकतो. १९८८ पासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सांघिक तिरंदाजीचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाने जिंकले, सलग दहा वेळा. त्या खेळाडूंनी हे केले ते सरावाने कमावलेल्या बळावर. कथेतल्या मुलीलाही तेवढे श्रेय द्यावे, ही काही मोठी मागणी नाही.

आणि आता जखम. खरे तर मला लिहायचे होते ते यावरच.

शस्त्र चालवणाऱ्याबद्दलच्या चुकांनी कथेचे नुकसान होते. जखमेबद्दलच्या चुका कथेबाहेर येतात. खांद्यात गोळी किंवा बाण लागलेला नायक दात-ओठ खाऊन पुढच्या पानावर तलवार फिरवतो, हे आपण इतक्यांदा वाचले आणि पाहिले आहे की खांदा ही जखम व्हायला सोयीची जागा आहे, अशी समजूत होऊन बसली आहे. खांद्याखालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचे जाळे जाते. रक्तवाहिनी फाटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, मज्जातंतू तुटले तर हात जन्माचा लुळा पडू शकतो. डोक्यात फटका मारून पहारेकऱ्याला तासभर 'झोपवणे' हेही असेच. अर्ध्या तासापेक्षा जास्त काळ बेशुद्धी टिकली तर वैद्यकशास्त्र ती मेंदूची मध्यम किंवा गंभीर इजा धरते. भांडणात कोणाच्या डोक्यात काही घालताना 'फार तर बेशुद्ध पडेल' असे मनात आणणाऱ्या माणसाने ते कुठे तरी वाचलेले किंवा पाहिलेले असते. लेखकाची जबाबदारी इथे सुरू होते, असे मी मानतो.

बंदुकीबद्दलच्या समजुती तर आणखी घट्ट आहेत. पिस्तुलाच्या गोळीने माणूस मागे फेकला जात नाही. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने ७० किलोंच्या शरीरात थांबली, तरी त्या शरीराला सेकंदाला चार सेंटिमीटरचाच वेग मिळतो. माणूस पडतो तो बहुधा जागच्या जागी, पाय गळून. कधी कधी तर आपल्याला काही लागले आहे हे त्याला काही क्षण कळतच नाही, आणि ते न कळणे लिहायला कितीतरी अधिक भयंकर आहे. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज हलक्या फुसकाऱ्यासारखा नसतो. १६० डेसिबलच्या आसपासचा बार २० ते ३५ डेसिबलने कमी होतो, एवढेच. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला तो ऐकू येणार.

बाणाची जखम कशी असते, हे आपल्या भाषेने एका शब्दात जपले आहे. शल्य म्हणजे शरीरात रुतलेले टोक, बाणाचा फाळ. ते काढण्याची विद्या ती शल्यविद्या, आणि आज अपेंडिक्स काढणाऱ्यालाही आपण शल्यविशारद म्हणतो. सुश्रुतसंहितेत शल्य काढण्याच्या दोनच दिशा सांगितल्या आहेत: प्रतिलोम, म्हणजे आले त्या वाटेने मागे, आणि अनुलोम, म्हणजे गेले त्या दिशेने पुढे ढकलून पलीकडून बाहेर. हा निर्णय करायला फाळ कुठवर गेला आहे, त्याला उलटे काटे आहेत का, वाटेत काय आहे, हे कळावे लागते. कथेतला नायक मात्र बाण पकडतो, एक झटका देतो आणि तो फेकून देतो. अमेरिकी लष्करातले शल्यविशारद जोसेफ बिल यांनी १८६२ साली बाणांच्या जखमांवर लिहिताना यातला खरा धोका सांगितला आहे. फाळ काठीला जनावराच्या स्नायुतंतूने बांधलेला असे. रक्ताने तो तंतू मऊ पडतो आणि बाण ओढला की काठी हातात येते, फाळ आत राहतो.

इंग्लंडच्या राजपुत्राचे १४०३ साली श्रूजबरीच्या लढाईत असेच झाले. पुढे पाचवा हेन्री म्हणून राजा झालेला हा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. बाण नाकाच्या बाजूने चेहऱ्यात शिरला, काठी निघून आली आणि फाळ सुमारे १५ सेंटिमीटर आत, कवटीच्या मागच्या हाडात, अडकून राहिला. जॉन ब्रॅडमोर या शल्यविशारदाने मधात भिजवलेल्या, कापडात गुंडाळलेल्या सळ्या क्रमाक्रमाने जाड करत जखमेचे तोंड रुंदावले, या एका जखमेसाठी स्क्रू असलेला चिमटा घडवला, तो फाळाच्या पोकळीत घालून आत फुलवला आणि हळूहळू पुढे-मागे हलवत फाळ बाहेर काढला. मग रोज थोडी थोडी लहान करत जखम आतून भरून येईपर्यंत आणखी आठवडे गेले. गुंगीचे आजच्यासारखे औषध तेव्हा नव्हते. त्या मुलाने दिवसेंदिवस ते कसे सोसले असेल, या एका प्रश्नात एका कादंबरीइतके द्रव्य आहे, आणि आपल्याकडचे लेखक ते एका झटक्यात फेकून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, असे ज्ञान मिळवलेला लेखक ते सगळे पानावर ओतून ठेवतो. होय, हा दोष मी पाहिला आहे. द्वंद्वाच्या मध्यावर पोलादाच्या प्रकारांवर दोन परिच्छेद येतात आणि लढणारे तसेच ताटकळत राहतात. यावर उपाय एकच, की ज्या पात्राच्या डोळ्यांनी प्रसंग दिसतो आहे त्याला जे जाणवेल तेवढेच लिहावे. जन्मभर धनुष्य वापरलेल्या माणसाला दोरी बोटांना लागते हे जाणवणार नाही, पण पावसाने ती भिजली आहे हे पहिल्या स्पर्शात कळेल. ज्याने पहिल्यांदा धनुष्य हाती घेतले आहे, त्याला बोटांखेरीज दुसरे काही सुचणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शस्त्रांचे इतके खरे वर्णन म्हणजे हिंसेचे शिक्षण नव्हे का, असे काही जाणती माणसे विचारतात. शस्त्र कसे बनवायचे, कुठे मिळवायचे, पहारा कसा चुकवायचा, ही माहिती कथेला लागत नाही, आणि ती लेखकाने देऊ नये, यावर माझे त्यांच्याशी मुळीच दुमत नाही. मी मागतो आहे ते त्याच्या उलट टोकाचे आहे: ओढणाऱ्याची थकलेली पाठ, चुकलेला नेम, आत राहिलेला फाळ, बरे न झालेला हात. हे वाचून कोणी शस्त्र उचलायला शिकत नाही. शस्त्राचे शिक्षण खरे तर दुसऱ्या प्रकारची कथा देते, जिच्यात बाण सुटतो, माणूस पडतो आणि दोघांचेही पुढे काही होत नाही.

महाभारतातल्या एकलव्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती सांगताना आपण बहुधा अंगठा कापून दिला तिथेच थांबतो. जिथे दोरी अंगठ्याच्या जोरावर ओढली जाते, तिथे तो अंगठा मागणे म्हणजे काय मागणे, हे कथाकाराला नेमके माहीत होते. त्यागाच्या त्या क्षणानंतर आदिपर्वात आणखी एक श्लोक आहे. त्यात ना शाप आहे ना आक्रोश. त्यानंतर तो निषादपुत्र बोटांनी दोरी ओढू लागला, आणि पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही, एवढेच तिथे म्हटले आहे.